वाचक विचारतात: कियांतीचं नाव कुणी घालवलं, कुणी राखलं

गेल्या अंकात इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या द्राक्षमळ्यांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली बहुतेक एकाच वाइनभोवती फिरताहेत: कियांती. मी राहते राद्दा गावाजवळ आणि काम करते ते याच वाइनच्या तळघरात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. या खेपेची सगळी पानं तिलाच देते.

एक वाचक लिहितात: फ्लॉरेन्समध्ये एकाच दुकानात कियांतीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी पाहिल्या. एक चार-पाच युरोंची, दुसरी चाळीसच्या वर. माझे एक स्नेही ठामपणे सांगतात की कियांती म्हणजे खाणावळीत घडाघडा ओतायची स्वस्तातली वाइन, तिचं एवढं कौतुक कशाला. मग ही चाळीस युरोंची कुठली? नाव तर दोन्हींवर तेच आहे.

तुमच्या स्नेह्यांनी ज्या काळात ती प्यायली असेल, त्या काळापुरतं त्यांचं बोलणं रास्त आहे. 1960 आणि 70 च्या दशकात जगभर गेलेली बरीचशी कियांती खरोखरच पातळ, आंबट आणि वर्ष-दोन वर्षांत मान टाकणारी होती. पण तो तिचा स्वभाव नव्हे. नाव पसरत गेलं, जमीन मात्र होती तेवढीच राहिली, इथून या बदनामीला सुरुवात होते.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला डोंगराळ पट्टा म्हणजे मूळ कियांती. 24 सप्टेंबर 1716 ला तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा, मेदिची घराण्यातला, याने एक फर्मान काढलं. त्यात चार प्रदेशांच्या हद्दी ठरवून दिल्या: कियांती, पोमीनो, कार्मिन्यानो आणि वरचं आर्नो खोरं. या हद्दींबाहेरची वाइन या नावांनी विकायला मनाई झाली. कियांतीची हद्द गावांची नावं घेऊन सांगितली आहे: स्पेदालुत्सोपासून ग्रेवेपर्यंत, तिथून पान्झानो, मग राद्दाचा सगळा अंमल, म्हणजे राद्दा, गायोले आणि कास्तेलीना हे त्याचे तीन हिस्से, थेट सिएना राज्याच्या सीमेपर्यंत. पोर्तुगालमध्ये दोउरू खोऱ्याची आखणी झाली 1756 मध्ये आणि बोर्दोची प्रसिद्ध प्रतवारी तर 1855 ची. वाइनचं नाव आणि तिची जमीन यांची कायद्याने गाठ मारायचं काम इथे किती आधी झालं, ते यावरून कळेल. ती गावं आजही तीच आहेत. स्पेदालुत्सो हा ग्रेवेच्या वरच्या अंगाला, फ्लॉरेन्सहून येणाऱ्या रस्त्यावरचा चार घरांचा ठिपका आहे. तिथून पुढे उतरताना दोन्ही अंगांना मळे दिसायला लागतात, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने हद्द अगदी नेमकी लिहिली होती असं मला दर वेळी वाटतं.

पुढे नावाला बाजार मिळाला आणि व्यापारी तोस्कानातली कुठलीही लाल वाइन कियांती म्हणून विकू लागले. त्याला आळा घालायला 1924 मध्ये राद्दात 33 उत्पादक एकत्र आले आणि त्यांनी संघ स्थापला. काळा कोंबडा हे त्यांचं चिन्ह. त्यांची मागणी साधी होती: नाव आमच्या डोंगरांचं आहे, ते आमच्याकडेच राहू द्या. सरकारने 1932 मध्ये समितीच्या अहवालावरून निकाल दिला तो निम्मा. कियांतीचे सात विभाग झाले. पिझाच्या टेकड्या, आरेत्सोच्या टेकड्या, फ्लॉरेन्सच्या आणि सिएनाच्या टेकड्या, मोंताल्बानो, रुफिना, सगळ्यांना ‘कियांती’ म्हणायची मुभा मिळाली. मूळ प्रदेशाला ‘क्लासिको’ हे शेपूट जोडून वेगळं केलं आणि तोसुद्धा 1716 च्या हद्दीपेक्षा बराच वाढवला. तुमच्या दुकानातल्या दोन बाटल्यांचं कोडं इथे उलगडतं. एकीवर नुसतं ‘कियांती’ असेल, दुसरीवर ‘कियांती क्लासिको’. 1996 पासून या दोन कायद्याने पूर्णपणे स्वतंत्र वाइन आहेत, नियम वेगळे आणि संघही वेगळे. क्लासिकोच्या हद्दीत आता साधी कियांती बनवायला परवानगीही नाही.

क्लासिकोच्या बाहेरचं सगळं दुय्यम, असं मात्र समजू नका. फ्लॉरेन्सच्या ईशान्येला आपेनीन डोंगरांच्या कुशीतला रुफिना हा लहानसा थंड भाग आहे. तिथली चांगली वाइन वीस-तीस वर्षं सहज टिकते आणि मला ती मनापासून आवडते.

बदनामीचं दुसरं कारण शेतीतलं आहे आणि माझ्या मते तेच जास्त खोल आहे. शतकानुशतकं इथली शेती अर्धेलीने चालायची. जमीन जहागीरदाराची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. एकाच शेतात गहू, ऑलिव्ह आणि झाडांवर चढवलेले द्राक्षवेल. माझ्या घरमालकीणबाई अशाच कुळाच्या घरात वाढल्या. द्राक्षं खुडून झाली की कारभारी वजनाला उभा राहायचा आणि बाप त्याच्या हाताकडे, आई त्याच्या वहीकडे बघत राहायची, हे त्या आजही हातवारे करून सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुळं जमीन सोडून प्रातो, फ्लॉरेन्स, पोज्जीबोन्सीच्या कारखान्यांत गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. दगडी घरं ओस पडली. मग सरकारी आणि युरोपीय मदतीने घाईघाईत नवे मळे लावले गेले, फक्त द्राक्षांचे, ट्रॅक्टर फिरेल असे. वेल कुठल्या वाणाचे लावायचे याचा विचार त्यात कमी झाला. भरघोस झुपके देणारे वेल निवडले. वेलीवर भार जास्त झाला की द्राक्षात रस येतो, चव येत नाही. तशी द्राक्षं पिंपात गेली आणि त्यांची वाइन जगभर गेली. तुमच्या स्नेह्यांच्या पेल्यात आली ती हीच.

एक वाचक विचारतात: कियांतीची कृती जहागीरदार रिकासोली यांनी ठरवली आणि लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं घालायला त्यांनीच सांगितलं, असं वाचलं. म्हणजे वाइन पातळ करण्याचा दोष त्यांच्याकडेच जातो ना?

हा आरोप मी अनेकदा ऐकते आणि दर वेळी रिकासोलींची बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्यांनी जे लिहिलं त्याचा अर्धाच भाग लोक सांगतात.

बेत्तीनो रिकासोली, 1809 ते 1880. गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्याचे मालक. काव्हूर वारल्यावर 1861 मध्ये नव्या इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. स्वभाव इतका कडक की लोक त्यांना ‘लोखंडी जहागीरदार’ म्हणत. राजकारणाइतकंच त्यांचं लक्ष मळ्यावर होतं. फ्रान्समध्ये हिंडून त्यांनी तिथली वाइन कशी बनते ते पाहिलं, ब्रोलियोत वर्षानुवर्षं वेगवेगळ्या द्राक्षांचे प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष 1872 च्या एका पत्रात आहे. पिझा विद्यापीठातल्या प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना ते पत्र लिहिलं होतं.

त्या पत्राचा आशय असा. वाइनला सुगंध आणि ताकद मिळते सांजोवेसे या काळ्या द्राक्षांपासून. सांजोवेसेचा करडेपणा मवाळ करते कानाइओलो, तीही काळीच द्राक्षं, आणि सुगंध न घालवता करते. तिसरी माल्वाझिया, पांढरी. ती पहिल्या दोघींना पातळ करते, चव खुलवते, वाइन हलकी आणि रोजच्या जेवणात लवकर पिण्याजोगी होते. इथे रिकासोली स्पष्ट लिहितात की जी वाइन मुरवायची आहे, तिच्यात माल्वाझिया घालू नये.

म्हणजे त्यांच्या मनात दोन वाइन होत्या. एक पुढल्या उन्हाळ्यात प्यायची, दुसरी ठेवून मुरवायची. पांढरी द्राक्षं पहिलीपुरती, आणि तीही माल्वाझिया, जिला स्वतःचा सुवास असतो.

1967 मध्ये कियांतीला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि नियमावली तयार झाली, तेव्हा ही बारीक रेषाच पुसली गेली. सांजोवेसे 50 ते 80 टक्के, कानाइओलो 10 ते 30 टक्के आणि पांढरी द्राक्षं 10 ते 30 टक्के. शिवाय पांढऱ्यांत माल्वाझियाच्या बरोबरीने त्रेब्बियानो. त्रेब्बियानोला भरपूर पीक येतं, रंगही नाही आणि वासही फारसा नाही. पांढरी द्राक्षं घालायला मुभा देणं वेगळं, ती सक्तीची करणं वेगळं. कियांती हे नाव हवं असेल तर किमान दहा टक्के पांढरी द्राक्षं घातलीच पाहिजेत, असा कायदा झाला. ज्याच्याकडे उत्तम सांजोवेसे होती त्यालाही ती पाणचट करावी लागली. ज्याच्याकडे त्रेब्बियानोचं उदंड पीक होतं त्याची मात्र सोय झाली. तळघरात काम करणारी म्हणून सांगते, चांगल्या सांजोवेसेच्या टाकीत तीस टक्के त्रेब्बियानो ओतल्यावर रंग कसा विरतो हे एकदा बघितलं की त्या नियमाबद्दल चार शब्द बरे बोलणं अवघड आहे.

तेव्हा दोष रिकासोलींकडे जात नाही. त्यांच्या पत्रातलं एक वाक्य ज्यांनी गाळलं, त्यांच्याकडे जातो. क्लासिकोच्या नियमावलीतून पांढरी द्राक्षं पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत गेली आणि 2006 च्या हंगामापासून त्यांना पूर्ण बंदी आली. आज क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेसे लागते, शंभर टक्केही चालते. साध्या कियांतीत थोडी पांढरी द्राक्षं आजही चालतात.

आणखी एक पत्र: जुन्या चित्रांत आणि चित्रपटांत गवतात गुंडाळलेली गोल बाटली दिसते. ती कियांतीचीच ना? मग आता का दिसत नाही?

कियांतीचीच. तिचं नाव फियास्को. तोंडाने फुंकून केलेली पातळ काच, तळ गोल, त्यामुळे ती स्वतःच्या आधारावर उभीच राहत नाही. म्हणून दलदलीत उगवणारं गवत वाळवून तिच्याभोवती विणायचं आणि खाली त्याचीच बैठक करायची. बैलगाडीतून डोंगर उतरताना काचेला काच लागत नसे आणि खडखडाटात बाटली फुटत नसे. एम्पोली आणि आसपासच्या गावांत काचेच्या भट्ट्या होत्या. विणकाम करायच्या बायका, बहुतेक वेळा घराच्या दारात बसून. बूच रूढ व्हायच्या आधी वाइनवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर सोडायचे, म्हणजे हवा लागत नसे. पिण्याआधी तेवढं तेल झटकून टाकायचं.

एकोणिसाव्या शतकात जाड मानेच्या, बूच ठोकलं तरी न तडकणाऱ्या फियास्को आल्या आणि मग कियांती समुद्रापार जायला लागली. या बाटलीने कियांतीला जगभर चेहरा दिला, हे तिचं ऋण मान्यच केलं पाहिजे. पण विसाव्या शतकात आतल्या वाइनपेक्षा बाहेरच्या गवतालाच गिऱ्हाईक मिळायला लागलं. लोक बाटली विकत घेत ती रिकामी झाल्यावर मेणबत्ती खोचायला. विणकामाची मजुरी वाढली तसं गवत जाऊन काही ठिकाणी प्लॅस्टिक आलं. चांगल्या उत्पादकांनी सरळ खांद्याची बोर्दो पद्धतीची बाटली धरली, तिला आडवं ठेवून वाइन मुरवता येते. गोल फियास्को आडवी नीट रचता येत नाही, हेही एक व्यावहारिक कारण. आता काही घरं पुन्हा हाताने विणलेल्या फियास्कोत ताजी, हलकी वाइन भरतात. कुणी प्रेमाने केलं तर मला ते आवडतं, कारण त्या बाटलीची खरी जागा तीच होती: वर्षभरात संपणाऱ्या रोजच्या वाइनची.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न: बाटलीच्या मानेवर काळा कोंबडा का असतो?

मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएना सीमेवरून सतत भांडत. दंतकथा अशी की पहाटे कोंबडा आरवला की दोन्ही शहरांतून एक-एक घोडेस्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा, असं ठरलं. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊ-पिऊ घालून तृप्त ठेवला. फ्लॉरेन्सने काळा निवडला आणि उपाशी ठेवला. तो भुकेने उजाडायच्या आधीच आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार इतका पुढे निघून आला की दोघं भेटले ते सिएनाच्या जवळ, फोंतेरुतोलीला. त्यामुळे जवळजवळ सगळी कियांती फ्लॉरेन्सकडे गेली.

हा दंतकथेचा भाग झाला. इतिहासात राद्दा, गायोले आणि कास्तेलीना यांचा ‘कियांती संघ’ होता. तो फ्लॉरेन्सने सीमेच्या रक्षणासाठी उभा केला होता आणि काळा कोंबडा हे त्याचं चिन्ह. फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्कियोत पाचशेंच्या दालनाच्या छतावर वसारीने कियांतीचं रूपकचित्र रंगवलं आहे, त्यात ढालीवर हाच कोंबडा आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर मान वर करून शोधा. 1924 च्या उत्पादकांनी हीच खूण उचलली आणि 2005 पासून ती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर असते. इतालियन भाषेत कोंबड्याला ‘गाल्लो’ म्हणतात, काळ्याला ‘नेरो’. ‘गाल्लो’ या शब्दावरून कॅलिफोर्नियातल्या गॅलो वाइन कंपनीने संघावर दावा लावला आणि 1990 च्या सुमारास संघाला अमेरिकेत ‘गाल्लो नेरो’ हे नाव सोडावं लागलं. चित्र राहिलं, नाव गेलं.

एक वाचक लिहितात: तोस्कानाच्या सर्वांत महाग वाइनवर अनेक वर्षं ‘टेबल वाइन’ असं लिहिलेलं असे, हे खरं का? असं कसं होऊ शकतं?

खरं आहे, आणि वरच्या 1967 च्या नियमाचाच हा परिणाम.

सुरुवात झाली किनाऱ्याकडच्या बोल्गेरीत. मारिओ इंचिझा देल्ला रोक्केत्ता या जमीनदाराने तिथल्या दगडाळ जमिनीत कॅबर्ने ही फ्रेंच वाणाची द्राक्षं लावली होती. ती घरापुरती वाइन 1968 च्या हंगामापासून ‘सास्सिकाया’ नावाने बाजारात आली. बोल्गेरी कियांतीत नाही, पण वारं तिथून सुटलं. मग इकडे कियांतीत पिएरो आंतीनोरी यांनी वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांच्या साथीने तिन्यानेल्लो नावाच्या मळ्यातली सांजोवेसे वेगळी काढली आणि लहान फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवली. 1971 च्या हंगामापासून त्यांनी बाटलीवर कियांती लिहिणं सोडलं आणि 1975 पासून पांढरी द्राक्षं पूर्ण बंद केली. नियमाप्रमाणे ती आता कियांती नव्हती. मग कायद्यात तिला एकच जागा उरली, सर्वांत खालची: ‘टेबल वाइन’. जगभरच्या रसिकांनी ती वाइन डोक्यावर घेतली आणि चिठ्ठी मात्र तीच राहिली.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते राद्दातल्या सेर्जो मानेत्तींचं काम. त्यांनी बाहेरचं एकही द्राक्ष आणलं नाही. मोंतेवेर्तिने या त्यांच्या मळ्यात त्यांनी 1977 च्या हंगामात केवळ सांजोवेसेची वाइन केली, ‘ले पेर्गोले तोर्ते’. या डोंगराचं द्राक्ष एकट्याने उभं राहू शकतं, त्याला कॅबर्नेचा टेकू लागत नाही आणि त्रेब्बियानोचं पाणीही लागत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पण शंभर टक्के सांजोवेसे तेव्हा नियमबाह्य होती. संघाशी मतभेद झाले आणि 1981 मध्ये मानेत्ती संघातून बाहेर पडले. पुढे नियम बदलले, आज तीच वाइन कियांती क्लासिको म्हणून विकता आली असती, पण ते घर परत गेलं नाही. बाटलीवर अजूनही नुसतं ‘तोस्काना’ असतं आणि दर वर्षी नवा स्त्रीचेहरा, चित्रकार आल्बेर्तो मानफ्रेदी यांच्या चित्रांतला.

कॅबर्ने मिसळून केलेल्या वाइन चांगल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. तिन्यानेल्लोत आज कॅबर्ने आहे आणि ती उत्कृष्ट वाइन आहे. पण 1980 आणि 90 च्या दशकात त्या यशाच्या मागे धावताना कियांतीतही गडद रंग आणि ओकचा व्हॅनिला वास यांची इतकी हौस आली की सांजोवेसेचा स्वतःचा आवाज दबला. गेल्या वीसेक वर्षांत तो परत ऐकू येतोय. मोठी जुनी पिंपं परत आली, डोंगरावरचे उंच मळे परत मोलाचे झाले. 1992 च्या कायद्याने ‘भौगोलिक ओळख’ ही नवी श्रेणी केली आणि बहुतेक ‘टेबल वाइन’ची सोय लागली. सास्सिकायाला तर बोल्गेरीत स्वतःचं वेगळं नाव मिळालं.

एक वाचक प्रामाणिकपणे लिहितात: मी कियांती क्लासिको चाखली. तोंड कोरडं पडलं, आंबट लागली. लोक जे कौतुक करतात ते मला सापडलं नाही. माझं काय चुकतंय?

तुमचं वर्णन अचूक आहे. आंबटपणा आणि तोंड आवळणारा कोरडेपणा हे सांजोवेसेचे दोन मुख्य गुण आहेत.

सांजोवेसे उशिरा पिकते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आम्ही तिच्या मागे असतो. त्या दिवसांत इथे रात्री थंड होतात आणि द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. साल पातळ असते, म्हणून रंग फार गडद येत नाही. पेला उजेडात धरलात तर पलीकडचं बोट दिसतं. तुरटपणा येतो तो साल आणि बियांतून. रस आंबताना सालं तरंगून वर येतात, त्यांचा जाड थर जमतो आणि खालचा रस पंपाने वर घेऊन त्या थरावरून सोडावा लागतो. हे काम मी करते. पहिल्या दिवशी टाकीतून नुसता गोड द्राक्षरसाचा वास येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी झाकण उघडलं की आंबट चेरी आणि व्हायोलेटची फुलं जाणवतात आणि चमचाभर चाखलं तर जीभ टाळूला चिकटते. दिवसातून कितीदा फिरवायचं, किती दिवस सालावर ठेवायचं, हे त्या जिभेवरून ठरतं. जास्त ओढलं तर वाइन कडवट होते, कमी ओढलं तर तिला कणा राहत नाही.

त्यात जमिनीचा हात आहेच. आमच्याकडे दोन प्रकारचे दगड: गालेस्त्रो, म्हणजे हातात घेतला तर पापुद्रे सुटतात असा ठिसूळ दगड, आणि आल्बेरेझे, कठीण, फिकट चुनखडी. वेलीला पाणी बेताचंच मिळतं, द्राक्षं लहान राहतात.

आता तुमच्यासाठी तीन गोष्टी. ती वाइन तुम्ही जेवणाशिवाय प्यायलात का? कियांती एकटीने प्यायची वाइन नाही. इथे ती मांसाच्या जाड भाजलेल्या तुकड्यावर, ऑलिव्ह तेल घातलेल्या घेवड्यावर, टोमॅटोत शिजवलेल्या शिळ्या पावावर किंवा मेंढीच्या दुधाच्या मुरलेल्या चीजवर पितात. मीठ, चरबी आणि तेल भेटलं की तोच आंबटपणा तोंड साफ करतो आणि तुरटपणा विरतो. दुसरं, ती 16 ते 18 अंशांवर हवी, त्याहून गरम झाली तर अल्कोहोल नाकात जातं आणि बर्फासारखी थंड केली तर तुरटपणा दुप्पट वाटतो. तिसरं, तासभर आधी उघडून ठेवा. एवढं करूनही आवडली नाही तर खुशाल सोडून द्या. सगळ्यांना सगळं आवडायलाच हवं असं कुणी ठरवलेलं नाही.

शेवटचं पत्र, थोडक्यात: रिझेर्वा, ग्रान सेलेत्सिओने, हे शब्द काय? आणि बाटली किती वर्षं ठेवावी?

नुसती ‘कियांती क्लासिको’ हंगामानंतरच्या वर्षी 1 ऑक्टोबरपासून बाजारात येऊ शकते. ‘रिझेर्वा’ला किमान 24 महिने मुरवावं लागतं. ‘ग्रान सेलेत्सिओने’ ही 2014 मध्ये आलेली सर्वांत वरची पायरी, 30 महिने, आणि द्राक्षं उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यांतलीच. वरची पायरी म्हणजे जास्त चांगली वाइन, असं दर वेळी होत नाही. एखाद्या मनापासून काम करणाऱ्या घराची साधी क्लासिको मी दुसऱ्या कुणाच्या ओकने लादलेल्या ग्रान सेलेत्सिओनेपेक्षा कधीही आधी उचलेन. 2021 मध्ये क्लासिकोचे 11 लहान भाग ठरवले आहेत, राद्दा, गायोले, लामोले, पान्झानो वगैरे. सध्या ही नावं ग्रान सेलेत्सिओनेवरच येतात. ती वाचायची सवय लावा. लामोले आणि राद्दा उंचावर, म्हणून वाइन अंगाने शिडशिडीत आणि सुगंधी. कास्तेल्नुओवो बेरार्देंगा दक्षिणेला, ऊन जास्त, वाइन भरदार.

ठेवायचं म्हणाल तर साधी कियांती दोन-तीन वर्षांत संपवा. चांगली क्लासिको पाच ते दहा वर्षं, चांगल्या हंगामाची रिझेर्वा पंधरा-वीस वर्षंही जाते. बाटली आडवी, अंधारात, तापमान फार वर-खाली होणार नाही अशा जागी ठेवा. एकाच हंगामाच्या निदान दोन घ्या, एक आता उघडा.